थंड खोलीतला गरम नारळ

“सत्य या पृथ्वीवर एवढ्याच जागी प्रकट होतं,” उजवा हात उंच करून सुगंधनाथ महाराजांनी जाहीर केलं, “सबाधीत, स्बशादात व बटाट्यात.”

महाराजांना कडक सर्दी झाली होती. त्यामुळे समाधी आणि स्मशान ही पहिली दोन ठिकाणं कुणालाच नीट कळली नाहीत. बटाटा तेवढा स्पष्ट ऐकू आला. जमलेल्या दीडशे माणसांना ऐकायचाही तेवढाच होता. धरणगाव-जळगाव रस्त्यावरच्या सोहनलाल शेठच्या शीतगृहात महिनाभर बटाटा सडत होता, आणि तो का सडतो हे सांगायला महाराज खास गाडीनं आले होते.

खरं तर सकाळपासून महाराजांनी जो चमत्कार दाखवला होता, तो कुणालाही गार करील असा होता. तीन नंबरच्या खोलीतली साठ पोती त्यांनी बाहेरच्या दालनात मांडायला लावली होती. थंडीत देव बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग पंखे बंद करायला लावले, कारण देवाला वारा चालत नाही. मग लाल फडक्यात गुंडाळलेला, कुंकवानं माखलेला, दोऱ्यानं वेढलेला एक नारळ मांडीवर घेऊन पाच मिनिटं ध्यान केलं, कारण देव बोलावल्याबरोबर येत नाही, त्याला तापायला वेळ लागतो. त्यानंतर नारळाचे तीन डोळे पुढे धरून महाराज पोत्यांच्या रांगेतून चालले. सतराव्या पोत्यापाशी नारळ भुणभुणला. बेचाळिसाव्यापाशी भुणभुणला. पंचावन्नाव्यापाशी तर असा भुणभुणला की शेठनी हात जोडले. तिन्ही पोती वरून कोरडी ठणठणीत होती. फाडली तेव्हा आत काळा लगदा निघाला.

माणसं पायावर पडली. खोटा माणूस दहा वेळा खोटं बोलला तर फारसं बिघडत नाही, पण तो एकदा खरं बोलला की मोठी पंचाईत होते.

या गर्दीच्या कडेला, बटाटा निवडणाऱ्या सोळा बायांच्या रांगेत सुंदरबाई उभी होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची ही बाई तेरा वर्षं इथं निवडीवर होती. कमरेला गोणपाट बांधायचं, पोतं उलटं करायचं, आणि चांगला बटाटा इकडे, डागी तिकडे, सडका तिसऱ्या टोपलीत. तेरा वर्षांत तिचं नाक असं तयार झालं होतं की थप्पीच्या जवळून नुसतं जाता जाता ती थांबायची आणि म्हणायची, हे पोतं काढा. काढलं की तळाशी दोन बटाटे हमखास पाणावलेले. आतासुद्धा महाराजांचा नारळ सतराव्या पोत्याकडे यायच्या आधीच तिनं शेजारच्या कुंदाबाईला कोपरानं खुणावलं होतं. बेचाळीस आणि पंचावन्नही तिला कळली होती. आणखी एक, एकतिसावं, तिच्या मते सडायला सुरुवात करून बसलं होतं. महाराजांचा देव त्याच्यावरून सरळ पुढे गेला.

तिला आणखीही एक गोष्ट दिसली होती. पोती फाटली तेव्हा दालनात असा दर्प सुटला की शेठनी उपरणं नाकाला लावलं, बायांनी पदर लावले, मुकादम उखर्डू भिंतीकडे तोंड करून ओकला. एकटे सुगंधनाथ महाराज त्या लगद्याशेजारी पेढा खात उभे होते. वासाचा देव अंगात आलेल्या माणसाला वासच येत नव्हता.

पण हे कुणाला सांगायचं? मार्चमध्ये अवकाळी पावसात भिजलेले ट्रक इंदूरकडून आले, तेव्हाही ती बोललीच होती. पोती वल्ली शेतस, थप्पीले लावू नका, दोन थप्प्यांमधून वारा फिरायला जागा ठेवा. उखर्डूनं तेव्हा सगळ्यांदेखत सांगितलं होतं, “तू बटाटा निवाड, अक्कल नको निवाडू.” आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत ओली पोती ठासून भरली होती. या उखर्डूचं नावसुद्धा त्याच्या आईनं देवाची नजर चुकवायला ठेवलेलं. आधीची दोन मुलं गेली म्हणून याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं होतं. देवाची नजर खरंच चुकली आणि उखर्डू मुकादम झाला.

महाराजांनी पेढा संपवला आणि मुख्य विषयाला हात घातला.

“रोग पोत्यात दिसला,” ते म्हणाले, “तरी रोगाचं बूळ बाडसात असतं.”

मूळ माणसात असतं, असं उखर्डूनं सगळ्यांना समजावून सांगितलं. मग शेठच्या परवानगीनं निवडीच्या सोळा बायांना भिंतीशी उभं केलं, आणि नारळ एकेकीच्या पोटासमोरून जाऊ लागला. पहिल्या पाच जणी सुटल्या. कुंदाबाई सुटली आणि तिनं मोठ्यानं देवाचं नाव घेतलं. सुंदरबाईसमोर नारळ आला आणि मधमाश्यांचं पोळं अंगावर यावं तसा भुणभुणला.

महाराजांनी नारळ तिच्या कपाळाला टेकवला, डोळे मिटले, आणि सर्दीतूनही नीट उच्चारता येईल असा शब्द निवडला.

“डाकीड.”

ण गेला तरी शब्द पोचला.

मग पुराव्यांची रीघ लागली. उखर्डू पुढे झाला. कोणतं पोतं सडलं हे दर वेळी आधी कोण सांगतं, असा त्याचा सवाल होता. “हिलेच पह्यले कसं समजस?” आणि खरंच, दीडशे माणसांत एकालाही वाटलं नाही की जिला पहिल्यांदा कळतं तिला नाक असेल. सगळ्यांना वाटलं, जिला पहिल्यांदा कळतं तिनंच केलं असेल. आठ वर्षं एका डब्यातली भाकरी खाणारी कुंदाबाई दोन पावलं सरकली आणि भिंतीशी ठेवलेला आपला डबा उचलून पदराखाली घेतला.

महाराजांनी उपाय सांगितला. तो सोपा होता. हिला हद्दीबाहेर काढायचं, हिनं हात लावलेला माल वेगळा करायचा, आणि हिच्या गावी निरोप धाडायचा, म्हणजे तिथले लोक आपली काळजी घेतील.

काम गेलं असतं तर सुंदरबाईनं रावेरला केळीच्या फण्या धुतल्या असत्या. पण निरोप म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्याच पाड्यावरच्या नानीबाईबद्दल असाच निरोप आला होता. नानीबाई आता नाल्यापलीकडे एकटी राहते, तिच्या हातचं पाणी पोटची लेकसुद्धा घेत नाही, आणि तिची शेळी चुकून इकडे आली तर लोक शेळीलाही दगड मारतात. सुंदरबाईची लेक त्याच पाड्यावर नांदत होती.

ती रडली नाही. त्याचं कारण असं की तिचं लक्ष कपाळाकडे होतं. सकाळपासून चार अंशाच्या खोलीत जा-ये करून तिचं कपाळ बर्फासारखं झालं होतं, आणि त्याला टेकवलेली ती वस्तू उतरवून ठेवलेल्या तव्याच्या कडेसारखी ऊबदार होती.

“महाराज,” ती म्हणाली, “तुमना नारय गरम काबरं शे?”

महाराजांनी सांगितलं की देवाचा कोप गरमच असतो. दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली रूपल तेवढ्यात पुढे आली.

रूपल ही शेठची सून. नवरा पारस खरेदीसाठी इंदूरला गेला होता. जळगावच्या कॉलेजात ही मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकली होती, आणि लग्नानंतरच्या चार वर्षांत त्या शास्त्राचा उपयोग दही लागलं की नाही एवढं सांगण्यापुरता उरला होता. शेठचं घर जैन. तिथं बटाटा फक्त सांभाळतात, खात कुणी नाही. त्यामुळे घरातल्या एकाही माणसानं आयुष्यात बटाटा नाकाशी धरला नव्हता. रूपलनं प्रयोगशाळेत धरला होता.

“पप्पाजी, महाराजांचा देव खरा असेल तर परीक्षेला घाबरणार नाही,” ती म्हणाली. “सुंदरमावशींनी कमरेचं गोणपाट सोडून हात धुवावेत. मग पुन्हा बघू.”

शेठ म्हणाले, बीनणी, आत जा. रूपल आत गेली नाही. तिनं ट्रे खाली ठेवला. दीडशे माणसांसमोर सून ट्रे खाली ठेवते म्हटल्यावर लोकांची उत्सुकता महाराजांवरून तिच्याकडे वळली. गर्दीची भक्ती अशीच असते. जिकडे जास्त तमाशा, तिकडे देव.

सुंदरबाईनं गोणपाट सोडलं. महिनाभर तीन नंबरच्या खोलीतला सगळा सडका माल तिनंच निवडला होता, कारण दुसऱ्या कुणाला तो वास सोसत नव्हता. त्या लगद्यानं गोणपाट काळं आणि कडक झालं होतं. ते कुठं ठेवावं म्हणून तिनं इकडे तिकडे पाहिलं, आणि अगदी सहज, खुंटीला अडकवावं तसं उखर्डूच्या खांद्यावर टाकलं. मग नळावर साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि भिंतीशी येऊन उभी राहिली.

महाराज म्हणाले की देव एकदाच बोलतो. मागून कुणीतरी म्हणालं, सकाळपासून तर चारदा बोलला. लोक हसले. महाराजांना नारळ पुढे करावाच लागला.

सुंदरबाईसमोर नारळ मुका राहिला. पोटासमोर मुका, हातांसमोर मुका. आणि महाराज वळले मात्र, तो उखर्डूच्या दिशेनं कडाडून भुणभुणला.

“मी?” उखर्डूचा चेहरा पडला. “मी तं गडी माणूस शे. मी डाकीण कसा व्हसू?”

महाराज सराईत होते. त्यांनी लगेच जाहीर केलं की पाप वस्त्रातून या माणसात स्थलांतरित झालं आहे. उखर्डूनं गोणपाट झटकून दहा फूट लांब फेकलं आणि तोंड पुसत पुढे झाला, की बघा, आता बघा. नारळ त्याच्या तोंडासमोर गेला. भुणभुण सुरूच. आदल्या संध्याकाळची आणि त्या सकाळची अशी दोन वेळची दारू उखर्डूच्या श्वासात हजर होती, आणि ती कशी बाहेर काढायची हे त्याला ठाऊक नव्हतं.

“पप्पाजी,” रूपल म्हणाली, “जरा हात पुढे करा.”

सोहनलाल शेठना करोनापासून एक सवय लागली होती. माणूस भेटला की हाताला सॅनिटायझर चोळायचं, माणूस गेला की पुन्हा चोळायचं. महाराजांचे पाय धरून झाल्यावरही त्यांनी भक्तिभावानं चोळलं होतं, आणि आता, घाम फुटल्यामुळे, पुन्हा चोळलं. नारळ महाराजांच्या हातातच होता. शेठचे तळवे जवळ येताच तो असा काही थरथरला की महाराजांच्या हातातून निसटता निसटता राहिला.

आता दालनात तीन डाकिणी झाल्या होत्या. त्यातली एक मालक होती, एक मुकादम होती, आणि जिच्यापासून सुरुवात झाली ती तिसरी निर्दोष सुटली होती. उखर्डू शेठकडे पाहत होता, शेठ आपल्या हाताकडे पाहत होते, आणि महाराज दाराकडे.

दार सुंदरबाईनं अडवलं होतं.

“देवना नारय शे ना?” तिनं विचारलं. “मंग फोडू द्या.”

महाराज म्हणाले, हा फोडायचा नारळ नव्हे. आणि इथं त्यांचं चुकलं. कुणी उघडं पडलं ते माणसं विसरतात, खोटं बोललं तेही विसरतात, पण देवापुढचा नारळ फोडायचा नाही हे खानदेशात काय, कुठंच कुणी ऐकून घेत नाही. नवीन ट्रॅक्टर आला, फोड नारळ. बोअरला पाणी लागलं, फोड नारळ. पाणी नाही लागलं तरी आणलेला नारळ परत नेत नाहीत. बायांच्या रांगेत कुजबुज झाली. न फुटणारा नारळ हा कसला देव? उखर्डूलाही आता आपली सुटका हवी होती. ज्या हातानं त्यानं सकाळी महाराजांचे पाय दाबले होते, त्याच हातानं नारळ काढून घेतला आणि सुंदरबाईकडे दिला.

तिनं तो उंबऱ्यावर आपटला. फुटला नाही. उघडला. कुंकवाखालून आणि दोऱ्याखालून डिंकाची रेघ उसवली आणि दोन करवंट्या डब्याच्या झाकणासारख्या वेगळ्या झाल्या. पाणी नाही, खोबरं नाही. आत बॅटरी होती, थरथरणारी चकती होती, आणि नारळाच्या डोळ्यांच्या बरोबर मागे नखाएवढी जाळीची टोपी घातलेला एक गोल तुकडा होता. सुंदरबाईनं त्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. गरम होता.

रूपलनं त्या करवंट्या ट्रेमध्ये ठेवल्या आणि सगळ्यांना दिसेल असा ट्रे धरला. घरात चार वर्षं न बोललेली पोरगी आता थांबायला तयार नव्हती. बटाटा मेलेला नसतो, तिनं सांगितलं, तो पोत्यात श्वास घेत असतो. ओल लागली, वारा मिळाला नाही, की त्याच्यात जंतू शिरतात आणि त्याचा लगदा करताना निरनिराळे वायू सोडतात. त्यात दारूच्या आणि सॅनिटायझरच्या जातीचेही असतात. पोतं बाहेरून कोरडं दिसतं तेव्हाही ते वायू गोणपाटातून झिरपतात. हा जाळीचा तुकडा तेच ओळखतो. हमरस्त्यावर पोलीस ड्रायव्हरला ज्या यंत्रात फुंकायला लावतात, त्याच कुळातला. आत बारीक हीटर आहे. तो तापेपर्यंत यंत्र चालत नाही, म्हणून पाच मिनिटांचं ध्यान. वाऱ्यानं वायू पांगतो, म्हणून पंखे बंद. आणि चार अंशात बटाटाही वायू कमी सोडतो, यंत्रही नीट चालत नाही, म्हणून थंडीत देव बोलत नाही.

“एकतीस नंबर बी उघडा,” सुंदरबाई मध्येच म्हणाली.

पोतं उघडलं. तळाशी एकच बटाटा, एका बाजूला बोट रुतेल इतका मऊ. यंत्राला न कळलेला. शेठनी तो पाहिला, मग सुंदरबाईकडे पाहिलं, आणि सॅनिटायझरची बाटली काढता काढता पुन्हा खिशात ठेवली.

“हे यंत्र वाईट नाही,” रूपल म्हणाली. “खरं तर प्रत्येक शीतगृहात असं यंत्र असावं. त्यानं सांगितलं ते खरंच होतं. इथं सडक्याचा वास आहे, एवढंच ते म्हणालं. पोत्याजवळ म्हणालं, गोणपाटाजवळ म्हणालं. डाकीण हा शब्द त्याला येत नाही. तो यांनी घातला. आणि एखादीला डाकीण ठरवणं हा या राज्यात गुन्हा आहे, पप्पाजी. सांगणाऱ्याचाही आणि ऐकून हाकलणाऱ्याचाही.”

शेठ हे वाक्य शेवटपर्यंत ऐकून खुर्चीवर बसले. पोलिसांना फोन त्यांनीच केला. सुगंधनाथ महाराज मात्र एकाएकी फार नम्र झाले. नाक शिंकरून त्यांनी सांगितलं की आपण फक्त लोकांना समजेल अशा भाषेत विज्ञान पोचवत होतो.

सुंदरबाईला त्यांच्या नम्रतेशी काही घेणं नव्हतं. तिनं आपला मोबाइल काढला, पाड्याच्या पोलीस पाटलाचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. निरोप धाडायचा होता ना, ती म्हणाली, मग धाडा. सुंदरबाई डाकीण नाही, नारळात मशीन होतं, असं बोला. आणि नानीबाईचंही बोला. महाराज म्हणाले, नानीबाई कोण ते मला ठाऊक नाही.

“मी तरी कोठे ठाऊक व्हतू तुमले?” ती म्हणाली. “तरी सांगं ना?”

महाराजांनी दोघींचंही सांगितलं. सर्दीमुळे नानीबाईची दादीबाई झाली. सुंदरबाईनं ते त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, आणि शेवटी स्वतः फोन घेऊन पाटलाला नाव नीट सांगितलं, कुठली नानीबाई तेही सांगितलं.

मग ती गर्दीकडे वळली. भाषण तिला येत नव्हतं. तिनं एवढंच विचारलं की मार्चमध्ये पोती ओली आहेत हे कुणी सांगितलं होतं, आणि कुणी ऐकलं नव्हतं. उखर्डूनं मान खाली घातली. घराला आग लागली म्हणून जी पहिल्यांदा ओरडते, तिनंच आग लावली असं धरलं, तर पुढच्या वेळी कोणी ओरडणार नाही, असं ती म्हणाली. घर जळेल आणि सगळे नारळ धरून बसतील. नाक सगळ्यांना दिलं आहे, डोळे दिले आहेत, विचारायला तोंड दिलं आहे. ते वापरायला कुठल्या महाराजाची परवानगी लागत नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पंचावन्न नंबरच्या फाटक्या पोत्यातून चांगले बटाटे घरंगळत भिंतीपर्यंत गेले होते.

बायांच्या रांगेतून कुंदाबाई हळूच पुढे आली. सुंदरबाईला वाटलं, आता ही पाया पडते की काय. कुंदाबाईनं पदराची झोळी केली, सुंदरबाईसमोर धरली, आणि हलक्या आवाजात म्हणाली,

“घर पाव्हना येल शेतस. भाजीपुरता बटाटा तूच निवाडी दे वं, माले काही समजत नही.”